मायामी नदीवरील सफर : तस्करांना तासभर, पोलिसांना दहा मिनिटे

फ्लोरिडातील मायामी शहरात १९८०च्या दशकातील कोकेन तस्करीच्या जागा दाखवणारी, नदीतून नेणारी दोन तासांची एक सफर मी नुकतीच केली. बोट स्वच्छ होती, सावली होती आणि निवेदकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत होता. सोयींबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सुरुवातीचा भाग पैशाविषयी आहे आणि तो उत्तम आहे. दहा हजार डॉलरांपेक्षा अधिक रोकड भरली गेली की बँकेने ते सरकारला कळवावे, असा १९७०चा कायदा होता. तरीही खोक्यांतून आलेल्या नोटा येथील काही बँकांनी निमूटपणे मोजून घेतल्या आणि १९७९च्या सुमारास फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या मायामी शाखेत अब्जावधी डॉलरांची रोकड शिल्लक पडू लागली. ब्रिकेल ॲव्हेन्यूवरील बँकांचे मनोरे समोर दिसत असताना हे ऐकणे वेगळेच वाटते.

पुढे मात्र निवेदक घसरतो. जुलै १९७९मध्ये डेडलँड मॉलमधील मद्याच्या दुकानात कोकेन तस्करांच्या वैरातून झालेला गोळीबार नदीपासून बराच दूर घडला, तरी त्याचे रसभरीत वर्णन संपता संपत नाही.

सफरीचे सार नदीच्या वरच्या अंगाला, जोन्स बोट यार्डपाशी आहे. जुलै १९८५मध्ये ‘मेरी सी’ या बोटीवरून कोकेन उतरवले जात असताना मायामीच्याच काही पोलिसांनी छापा घातला, तो जप्तीसाठी नव्हे तर लुटीसाठी. घाबरून पाण्यात उड्या टाकलेले तिघे बुडून मेले आणि ३०० किलोंहून अधिक माल खुद्द पोलिसांनी विक्रीसाठी पळवला. तपास पुढे इतका पसरला की बडतर्फी, निलंबन, अटक अशा कारवाया सुमारे शंभर पोलिसांपर्यंत पोहोचल्या. या साऱ्याला निवेदकाने जेमतेम दहा मिनिटे दिली आणि दोष क्यूबन निर्वासितांच्या लोंढ्यावर ढकलला, हे मला पटले नाही. १९८०मध्ये क्यूबातील मारिएल बंदरातून सव्वा लाख माणसे आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात शहरात भीषण दंगल झाली, हे खरेच. परंतु त्यानंतर घाईघाईने पोलीस भरती करताना उमेदवारांची पूर्वपीठिका नीट न तपासण्याचा निर्णय निर्वासितांचा नव्हता, तो अधिकाऱ्यांचा होता. प्रश्न विचारल्यावर निवेदकाने हे मान्य केले आणि मग भरतीची हकीकत फार छान सांगितली, म्हणजे माहिती त्याच्यापाशी होती.

दुपारच्या फेरीत बोट यार्डपर्यंत जात नाही, त्यामुळे तिकीट काढताना सकाळचीच फेरी मागून घ्यावी आणि डाव्या बाजूला बसावे.