भिंतीतली तिरपी पाईपलाईन: ११ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि ७० रुपयांची बचत)

मागच्या जूनमध्ये किचनचं काम केलं, नागपुरातल्या मानेवाड्याचं आमचं जुनं घर. सिंक कोपऱ्यात होतं, तिथे दोघं उभे राहिले की एकमेकांना कोपर लागायचे, म्हणून ते त्याच भिंतीवर ४ फूट सरकवलं. आता सिंक सरकलं म्हणजे भिंतीतली लाईनही फिरवावी लागतेच. टाकीची लाईन भिंतीत येते तिथून नवा पॉईंट ४ फूट बाजूला आणि ३ फूट खाली. प्लंबर म्हणाला, काका सरळ खाली घेऊ अन् मग आडवी नेऊ, ७ फूट पाईप लागेल. मी शाळेत गणितात बरा होतो. ३, ४, ५! तिरपी घेतली तर ५ फुटात काम होते, २ फूट पाईप वाचला, म्हणजे ७० एक रुपये, वरून झिरीही (पाईपसाठी भिंतीतली खाच) कमी मारायची. त्याने दोनदा म्हटलं, "तिरपी नका घेऊ काका." मी म्हटलं, पाणी काय रस्ता विचारून जाते का? त्याने खांदे उडवले आणि गरम-थंड दोन्ही लायनी तिरप्या टाकल्या.

पहिले १० महिने बाप्पा, काही तक्रारच नाही. प्रेशर छान, गिझरचं पाणी लवकर येते. सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाईप) दोन्हीकडे घेतलं हे त्याचंच ऐकलं, ते बरं झालं, कारण इथे मे महिन्यात दुपारी थंड नळालाच असं पाणी येते की चहापत्ती टाकली तर चालेल. सीपीव्हीसी ९३ डिग्रीपर्यंतचं सहन करते, साध्या पाईपचं ते काम नाही.

मग मे लागला आणि मागच्या बेडरूममध्ये कपाटाच्या मागे ओल दिसली. आधी हाताएवढी, चार दिवसांत उशीएवढी, पुट्टी फुगून पापुद्रे पडून राहिले होते. खात्री करायला रात्री टाकीत पाणी येणारा इनलेट बंद केला, आत पाण्याच्या रेघेवर खडूने खूण केली, सकाळी पाहतो तं पाणी ४ बोटं खाली. घरात एक नळ उघडला नव्हता. म्हणजे भिंतच पिऊन राहिली होती.

वरून सिंकचं पाणी बंद करायचा स्टॉप कॉक! तो ट्रॉलीच्या मागे. बंद करायला तीन ड्रॉवर काढा, झाऱ्या-चमचे जमिनीवर काढून ठेवा, मग पोटावर झोपून हात घाला. कॉक बंद केला तरी ओल थांबेना, कारण गळती त्याच्या आधीच. मग भर दुपारी गच्चीवर जाऊन टाकीचा वाल्व्ह बंद करायचा, चप्पल विसरलो, तळपाय भाजले. दर वेळी पाणी लागलं की वर, झालं की परत वर. बायको म्हणे, ७० रुपयांत तुमचा व्यायाम झाला.

इथपर्यंत रविवारी लिहून ठेवलं होतं आणि प्लंबरला १ स्टार द्यायचं पक्कं होतं, जॉईंटला सॉल्व्हंट (पाईप चिकटवायचा गोंद) नीट लावलं नसणार म्हणून. सोमवारी तो आला, टाईल फोडली, आणि जॉईंट सगळे कोरडे ठणठणीत. पाईपच्या मधोमध एक स्क्रू. आरओ बसवायला आलेल्या पोराने ठोकलेला. स्क्रू आत होता तोवर तोच बूच होता, हळूहळू गंजला आणि बाजूने पाझर सुरू झाला.

पोराला तरी काय म्हणू? त्याने मला विचारलं होतं, पाईप कुठून आहे. मी म्हटलं नळाच्या वर सरळ असेल, तेवढं सोडून मार. सगळेच तसंच धरून चालतात, पॉईंटच्या सरळ वर किंवा सरळ आडवी. माझी मात्र कोपऱ्यातून तिरपी, बरोबर आरओच्या खालून. आणि प्लास्टर करण्याआधी फोटो काढायचा असतो तो मी टाईलचा काढला होता.

दुरुस्तीला दोन कपलर (पाईप जोडायचे तुकडे), वीतभर पाईप, सॉल्व्हंट, रात्रभर पाणी बंद. सामान १५० च्या आत, मजुरी ८००. त्या डिझाईनची टाईल इतवारीपर्यंत फिरलो, कुठेच नाही, त्यामुळे ओट्याच्या वर एक टाईल निळी आणि बाकी सगळ्या क्रीम. बेडरूमची पुट्टी-रंग पाऊस संपल्यावर, त्याचा हिशोब अजून बाकीच आहे.

प्लंबरला ५ स्टार. जाताना त्याने फुकटात दोन्ही लायनींची दिशा टाईलवर स्केचपेनने आखून दिली, मी फोटो काढला, मापं वहीत लिहिली. स्टॉप कॉकसाठी ट्रॉलीच्या मागच्या प्लायला चौकोनी भोक पाडून घ्यायचं आहे, सुतार चार दिवसांपासून "उद्या येतो" म्हणून राहिला आहे.

थंड लाईन सरळ करून घ्यावी का म्हणून विचारलं तर म्हणाला आता सगळी भिंत फोडावी लागेल. तेव्हा गरम आणि थंड, दोन्ही अजून तिरप्याच आहेत, आणि कॅलेंडर चिकटपट्टीने लावलं आहे.