पेपरातली बातमी की मोबाईलवरचं रील?

आमच्या प्राणी निवाऱ्यासाठी दोन्ही करून पाहिलंय.

रील झटक्यात पोहोचतं. पंचगंगा घाटावर सापडलेलं, मागचा पाय ओढत चालणारं पिल्लू. मोबाईल उभा धरून, जमिनीवर बसून त्याच्या डोळ्यांपासून सुरुवात केली, तर संध्याकाळपर्यंत चौकशा सुरू होतात. पण निम्म्या चौकशा पुण्या-मुंबईच्या, आणि पिल्लाला घर हवंय कोल्हापुरात. म्हणून पहिल्याच ओळीत गावाचं नाव टाकायचं. स्टोरी तर चोवीस तासांत जाते. तरी दत्तक द्यायचं असेल तर रीलच, यात वाद नाही.

पेपरचं गणित वेगळं. 'आमचं काम छापा' म्हणून बातमी होत नाही, बातमीदाराला निमित्त लागतं. 28 सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन, मोफत लसीकरण शिबिर, नाहीतर पावसाळ्याआधी पूरपट्ट्यातल्या जनावरांची तयारी. 2019 आणि 2021 चा महापूर इथं कुणी विसरलेलं नाही. फोटो सकाळीच पाठवायचा, संध्याकाळी पानं लागत असताना नव्हे.

माझा कल पेपरकडेच आहे. गल्लीतल्या कुत्र्यांची तक्रार घेऊन येणारे काका रील बघत नाहीत, पेपर मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्रं पुन्हा त्याच गल्लीत सोडायचं, हे 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. आम्ही तोंडानं सांगितलं की भांडण व्हायचं. आता छापील कात्रण पुढं केलं, की काका चष्मा लावून वाचतात आणि विचारतात, "मग आमच्या गल्लीत कधी येताय?"