संक्रांतीच्या सुट्टीत पंगत कुठली: भोगीची, पुरणाची की हुग्गीची?

संक्रांत जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत पुण्या-मुंबईची, बंगळूरची, गोव्याची माणसं येऊन टेकतात. भोगी, संक्रांत, किंक्रांत, आणि वारांचा मेळ बसला तर लागून एखादा रविवार. एवढ्या दिवसांत एक तरी मोठी पंगत सगळ्यांनी मिळून बसायची असते, आणि ती कुठली यावर घराघरांत गाडी अडते. आजीला पुरण हवं असतं, सून म्हणते भोगी आहेच की, आणि घरातले पुरुष गुपचूप कॅटररचा नंबर शोधत असतात.

भोगीचं ताट, पुरणाचं ताट आणि हुग्गीची, म्हणजे खपली गव्हाच्या गूळ घातलेल्या खिरीची, पंगत: तिन्ही जेवणं आपल्याच भागातली, तिन्ही चवीला चांगली, तेव्हा चवीवरून हा वाद मिटणार नाही. मी दोन गोष्टी बघते. जानेवारीच्या मध्यावर आपल्या शिवारात खरोखर ताजं काय असतं? आणि चुलीपुढे हात किती आहेत?

आधी शिवारात डोकावू

जिल्हा एक, पण जमीन तीन तऱ्हेची. पश्चिमेला खानापूर आणि बेळगाव तालुक्यात पाऊस धो धो, म्हणून भात. पूर्वेला अथणी, गोकाक, सौंदत्तीकडच्या काळ्या रानात ज्वारी, बाजरी, हरभरा. आणि निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात जिकडे बघाल तिकडे ऊस.

जानेवारीत भाताची मळणी उरकलेली असते, म्हणजे नवा तांदूळ घरात आलेला असतो. उसाची तोड जोरात असते आणि गुऱ्हाळं पेटलेली असतात, म्हणजे गूळ नवा. तीळ आणि बाजरी खरिपातली, तीही त्याच वर्षाची. पावटा, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, गाजर, वांगी, कांद्याची पात, मेथी, बोरं यांचा तर हा ऐन हंगाम. बेळगावजवळच्या कडोली पट्ट्यातली भाजी या दिवसांत जशी मिळते तशी पुढे उन्हाळ्यात मिळत नाही.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मात्र अजून उभी असते, दाणा दुधात. ज्याला आपण हुरडा म्हणतो आणि आपले कानडी शेजारी सीतनी म्हणतात, ती खायची ही वेळ. काढणी व्हायला फेब्रुवारी-मार्च उजाडतो. हरभऱ्याचं तेच, गव्हाचं तेच. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात भातामागून पेरलेला मसूरही अजून हिरवाच असतो. त्यामुळे संक्रांतीच्या बाजारात कुणी 'नवी शाळू' किंवा 'नवी हरभरा डाळ' म्हणून पुढे करत असेल, तर हसून पुढे चालू लागावं. गेल्या वर्षीची डाळ वाईट नसते, नीट ठेवलेलं कडधान्य चांगलं टिकतं. फक्त तिला नव्याचा भाव देऊ नये.

या हिशेबाने भोगीचं ताट जवळजवळ सगळं त्या आठवड्याच्या शिवारातलं. हुग्गीत गूळ नवा, गहू जुना. पुरणात गूळ सोडला तर नवं काहीच नाही. आमच्या आजेसासूबाई पुरण खरं शिमग्याचं म्हणायच्या, ते उगाच नाही. तोवर नवा हरभरा घरात आलेला असतो.

भोगीचं ताट

तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मिसळभाजी, मुगाची खिचडी किंवा राळ्याचा भात, कारळ्याची चटणी, वर ताकाची वाटी. यात गोड पदार्थ नसला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गूळपोळी असतेच.

या ताटाचा जीव मिसळभाजीत. पावटा, सोलाणे (ओल्या हरभऱ्याचे दाणे), गाजर, वांगं, ओल्या शेंगांचे दाणे, एखादं बोर, उसाचे दोन-तीन करवे, आणि वरून तीळ-खोबऱ्याचं वाटण. प्रत्येक भाजी शिजायचा वेळ वेगळा, म्हणून पावटा आणि दाणे आधी, वांगं शेवटी. सगळं एकदम कुकरमध्ये घातलं की वांग्याचा लगदा होतो आणि मग कितीही तीळ घाला, चव सावरत नाही. तिखटाला संकेश्वरी मिरची की ब्याडगी, हा घराघरातला वाद. ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते मुख्यतः रंगासाठी, तिचा झणका कमी. पाहुण्यांत लहान मुलं जास्त असतील तर ब्याडगी. घरचेच खाणारे असतील तर मी संकेश्वरी घेते.

अडचण भाकरीची. एक किलो पिठाच्या दहा-बारा भाकऱ्या होतात, आणि बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आली तरच तिची मजा. वीस माणसांची पंगत म्हणजे कुणीतरी दोन तास तव्यापुढे उभं, आणि ती बाई सगळ्यांत शेवटी थंड भाकरी खाणार. दोघी-तिघी आलटून पालटून थापणाऱ्या असतील तरच हे ताट मोठ्या पंगतीला घ्यावं. नाहीतर तीळ लावलेल्या कडक भाकऱ्या आणून ठेवाव्यात. आपल्याकडे महिला बचत गटांच्या मिळतात आणि टिकतातही भरपूर. गरम भाकरीची सर येत नाही, पण वाफाळत्या भाजीत मोडून खायला काही वाईट लागत नाहीत.

राळ्यांबद्दल एक. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून राळे चकचकीत पाकिटात शिरले. बेळगावच्या रविवार पेठेतल्या जुन्या धान्याच्या दुकानात सुटे राळे किंवा कानडीत 'नवणे' म्हणून विचारून बघा, पाकिटाची गरज पडणार नाही.

पुरणाचं ताट

पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडई, वरण-भात, तूप, दूध. मान याचा मोठा, आणि नव्या जावयाला किंवा व्याह्यांना बोलावलं असेल तर दुसरं काही वाढलं तर चर्चा होते, हे मान्य.

किलोभर डाळीत साधारण चाळीस पोळ्या होतात. पुरण आदल्या दिवशी शिजवून, वाटून ठेवता येतं, आणि जानेवारीच्या थंडीत ते छान राहतं. कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते, म्हणून तीही आधी होते. म्हणजे ऐन दिवशी काम फक्त लाटण्या-भाजण्याचं. पण ते काम सराईत हाताचं आहे. भाकरी थोडी वेडीवाकडी चालते. पोळी फुटली की पुरण तव्यावर जळतं आणि सगळ्या घरात वास सुटतो. ज्या घरात पोळी लाटणारी एकच आजी उरली आहे, तिथे वीस जणांचं पुरण ठरवणं म्हणजे आजीची संक्रांत वाया घालवणं.

विकतच्या पुरणपोळ्या आणण्याबद्दल मी फार बोलत नाही. आणायच्या असतील तर आणाव्यात, पण मग त्या तव्यावर तुपात गरम करून वाढाव्यात, आणि आमटी तरी घरची असावी.

हुग्गीची पंगत

आपल्याकडच्या लग्ना-जत्रांत खपली गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, मोठ्या भांड्यात रटरटत असते, आणि घरच्या सणाला मात्र तिचा विचार कुणी करत नाही. मला वाटतं, मोठ्या पंगतीला हिच्याइतकं सोयीचं आणि आपल्या मातीतलं गोड दुसरं नाही.

खपली आपल्या भागात आणि पलीकडे सांगली-कोल्हापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या पेरली जाते. दाण्याला फोल घट्ट चिकटलेलं असतं, म्हणून आधी सडावी लागते. बाजारात सडलेली खपली 'खिरीचे गहू' म्हणून मिळते, तीच घ्यावी. रात्रभर भिजवायची, सकाळी दाणा उमलेपर्यंत शिजवायची, आणि मगच गूळ घालायचा. गूळ आधी पडला की गहू शिजायचा थांबतो, मग दुपारपर्यंत जाळ घालत बसा. सुकं खोबरं, बडीशेप, वेलची, थोडी सुंठ, खसखस. दूध हुग्गीत ओतायचं नाही. उकळत्या गुळात ते फाटतं. पानात वाढल्यावर वरून गार दूध आणि तूप.

एक किलो खपली आणि तेवढाच गूळ घेतला तर वीस-पंचवीस माणसांना वाटीभर मिळतेच. एकच भांडं, एकच पळी, आणि ढवळायला कुणीही चालतं. पुरुषांना कामाला लावायची ही उत्तम जागा. जोडीला भरलं वांगं, झुणका, भात, आणि बेळगावी बारीक मसुराची आमटी. वाटलं तर भोगीची मिसळभाजीही याच पंगतीत बसते, मग भाकरीचा भार अर्ध्यावर येतो.

खपलीला आता 'आरोग्याचा गहू' म्हणून विकलं जातं. चावून खायला लागते, पोट बराच वेळ भरलेलं राहतं, हे खरं. पण तिच्यात ग्लूटेन असतं. ज्यांना गहूच चालत नाही त्यांनी खपलीही टाळावी. आणि मधुमेह असलेल्या काकांना 'गुळाची आहे, चालते' म्हणून दुसरी वाटी वाढू नये. रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांत फार फरक कळत नाही.

सामान कुठून

भाजी बेळगावात गणपत गल्लीत मिळतेच, पण पंगतीचं सामान असेल तर पहाटे एपीएमसी यार्ड गाठावं, किंवा खेड्यातून डालगी घेऊन येणाऱ्या बायकांकडून घ्यावं. त्यांच्याकडचा पावटा सकाळी तोडलेला असतो आणि त्या सांगतातही नीट. “पाहुणे किती येऊलेत ते सांग आधी, मग माप घालते,” असं विचारणारी बाई मिळाली की भाव करायची गरज पडत नाही.

गूळ मात्र जमल्यास गुऱ्हाळावरून आणावा. 'कोल्हापुरी गुळा'ला २०१४ मध्ये मानांकन मिळालं आणि त्या नावाला भाव चढला, पण वेदगंगा-दूधगंगेचं पाणी कोल्हापूर आणि निपाणी दोन्हीकडच्या उसाला मिळतं, आणि निपाणीकडच्या चांगल्या गुऱ्हाळाचा गूळ चवीत मागे राहत नाही. फार पिवळाधमक गूळ टाळावा, रंग उजळायला त्यात बहुतेक वेळा हायड्रॉस पावडर पडलेली असते. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला गूळ तांबूस-तपकिरी दिसतो. पण काळसर म्हणजे शुद्धच असंही नाही. खारवट जमिनीतल्या उसाचा गूळही काळा होतो आणि जिभेला खारट लागतो, म्हणून खडा तोंडात टाकूनच घ्यावा. गूळपोळीला चिक्कीचा गूळ घेऊ नका, पोळीत तो कडक होतो. साधा मऊ गूळ किसून घ्यावा.

तांदळात उलटं. नवा इंद्रायणी किंवा बेळगाव बासमती वरण-भाताला, खिचडीला गोड लागतो, पण मसालेभाताला तो चिकटतो. त्यासाठी वर्षभर जुना तांदूळ घ्यावा, त्याला पाणीही जास्त लागतं.

माझं मत

दहा-बारा माणसं आणि भाकरी थापणारे हात दोन-तीन असतील तर डोळे झाकून भोगी. वीसच्या वर माणसं गेली की हुग्गी, सोबत मिसळभाजी. पुरण फक्त मान राखायचा असेल तेव्हा, आणि तेही लाटणारी माणसं असतील तर. परत जाणाऱ्यांच्या शिदोरीला तिन्ही बाबतीत गूळपोळीच, ती आठवडाभर सहज टिकते. बेळगावची मिठाई कुंदा ते स्टेशनवर जाता जाता घेतीलच, त्याला ऋतू लागत नाही.

भोगी ठरली तर बाजरी दोन दिवस आधीच दळून आणा, त्याहून आधी नको, पीठ कडू होतं. हुग्गी ठरली तर खपली आणि गूळ आठवडाभर आधी घरात असू द्या, कारण ऐन संक्रांतीच्या तोंडावर चांगल्या गुऱ्हाळाचा गूळ मिळेल याची खात्री नसते. पावट्याच्या शेंगा आदल्या संध्याकाळी घ्या आणि सोलायला गावाहून आलेल्या भाचरांना बसवा.