आई-बाबांना एप्रिलमध्ये कुठल्या रानात न्यावं: हेली वुड की ब्रॅडफील्ड?

एप्रिल आला की केंब्रिजच्या मराठी घरांमध्ये आई-बाबांचं येणं सुरू होतं. लंडन दाखवून होतं, किंग्ज कॉलेज होतं, नदीतली होडी होते. मग बाबा विचारतात, "इथे रान-बिन काही आहे की नाही?" आहे, आणि ते पाहायलाच हवं. पूर्व इंग्लंडमध्ये मैलोन्‌मैल गव्हाची आणि मोहरीची शेतं, आणि मध्येच कुठेतरी एखादी जुनी राई टिकून राहिलेली. एका सकाळीत पायाखालून घालता येईल एवढीच, पण सात-आठशे वर्षांची लेखी नोंद असलेली.

केंब्रिजहून जाण्याजोग्या अशा दोन रायांची नावं कायम निघतात. एक पश्चिमेला लाँगस्टोजवळचं हेली वुड. दुसरं सफक परगण्यात, बरी सेंट एडमंड्सच्या पलीकडचं ब्रॅडफील्ड वुड्स. दोन्ही तिथल्या तिथल्या वाइल्डलाइफ ट्रस्टच्या ताब्यात, दोन्हीकडे तिकीट नाही. गाडी असेल तरच जा, बसच्या भरवशावर नको. नकाशा, अंतर वगैरे तुम्ही पाहालच. मी दोन्हीकडे घरच्यांना घेऊन गेलो आहे, वेगवेगळ्या हवेत, वेगवेगळ्या वयाच्या माणसांना घेऊन, आणि माझं मत हळूहळू एका बाजूला झुकत गेलं. ते कशामुळे, हे सांगतो. तुमच्या घरची माणसं वेगळी असतील, तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल.

आधी हेली, कारण नावाने तेच मोठं आहे. 1251 साली ईलीच्या बिशपच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तिच्यात या रानाची नोंद आहे: ऐंशी एकर. त्या काळची हद्द आजही जमिनीवर दिसते. रानाच्या कडेने मातीचा बुटका बांध आणि त्याला लागून खंदक, आणि त्यावर वाकडीतिकडी वाढलेली जुनी झाडं. 1962 मध्ये इथल्या निसर्ग ट्रस्टने हे रान घेतलं. ऑलिव्हर रॅकम या केंब्रिजच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने इथे अनेक वर्षं काम केलं आणि या एवढ्याशा रानावर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडमधली जुनी रानं कशी वाचायची हे लोक ज्यांच्याकडून शिकले, त्यांत त्याचं नाव पहिलं घ्यावं लागेल. रानाच्या उत्तर कडेने केंब्रिज-बेडफर्ड रेल्वे जायची. 1862 ची ही लाइन 1960 च्या दशकाच्या शेवटी बंद झाली. रूळ आणि रान यांच्यामध्ये शेताचा एक तिकोनी तुकडा अडकला होता. शेतकऱ्याने तो सोडून दिला आणि तिथे आपोआप रान वाढलं. माणसाने हात काढून घेतला की काय होतं, ते इथे डोळ्यांनी बघता येतं.

आणि ऑक्स्लिप. हेलीला लोक येतात ते या फुलासाठी. ब्रिटनमध्ये हे फूल मिळतं ते केंब्रिजशर, सफक आणि एसेक्स जिथे एकमेकांना भिडतात, त्या भागातल्या जुन्या रानांत. सुरकुतलेली पानं जमिनीलगत पसरलेली, मधून वीतभर लवदार दांडा, आणि त्याच्या टोकाला फिकट पिवळ्या फुलांचा घोस. घोसातली सगळी फुलं एकाच बाजूला मान टाकून असतात. प्रिमरोझमध्ये आणि यात गल्लत होते, पण प्रिमरोझचं प्रत्येक फूल स्वतःच्या देठावर वेगळं असतं; ऑक्स्लिपचा एका दांड्यावर घोस असतो. एप्रिलच्या मध्यावर, झाडांना पालवी फुटायच्या आधी, हेलीच्या मधल्या भागात ही फुलं लांबवर पसरलेली दिसतात. हरणं ती खाऊन टाकायला लागली, म्हणून रानाला कुंपण घालावं लागलं.

एवढं सगळं असून हेली माझ्या यादीत दुसरं का?

चिखल. पण हा नेहमीचा चिखल नव्हे.

हिमयुगातल्या हिमनदीने मागे ठेवलेली चिकण माती इथे खाली आहे, खडूच्या खड्यांनी भरलेली. रान आहे टेकाडाच्या सपाट माथ्यावर. पाणी मुरतही नाही आणि वाहूनही जात नाही. हिवाळाभर पडलेला पाऊस एप्रिल संपेपर्यंत रानातल्या वाटांवर मुक्काम ठोकून असतो. वरून गवत दिसतं, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. बाहेर काढताना माती बूट ओढून धरते. पुढचं पाऊल कुठे टाकायचं, कडेच्या काटेरी ब्रॅम्बलच्या जाळीतून जायचं की मधल्या राडीतून, याचा हिशोब दर पावलाला. आईला आम्ही गमबूट घातले होते, हाताला धरायला दोन्हीकडून माणसं होती, आणि तरी ती सबंध वेळ खाली बघत चालली. परत गाडीपाशी आल्यावर मी विचारलं, फुलं कशी वाटली? ती म्हणाली, "पायाखालची तेवढी पाहिली रे."

तिचं हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. चिखलाने कपडे खराब होतात त्याचं काही वाटत नाही, ते धुता येतात. पण ज्या महिन्यात वर बघायचं, थांबायचं, कोकीळ-कोतवालाच्या जागी इथला कुठला पक्षी बोलतोय ते ऐकायचं, त्याच महिन्यात मान वर करता येत नाही. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला रुतलेला पाय ओढून काढणं हे किती कष्टाचं असतं, ते तरुण माणसाच्या लक्षात येत नाही.

यातली खरी गोम रॅकमनेच दाखवली आहे. या रानांत डॉग्ज मर्क्युरी नावाची एक हिरवी वनस्पती असते, ती पसरली की इतर सगळ्यांना दाबून टाकते. पण वसंतात पाणी साचून राहिलं तर ती तग धरत नाही. ऑक्स्लिप धरते. म्हणजे जिथे चिखल जास्त, तिथेच ऑक्स्लिपला मोकळी जागा. चर खणून हे रान कोरडं करा अशी मागणी कुणी करूच नये, फुलंच जातील. म्हणून हेलीबद्दल माझी तक्रार नाही. ते जसं आहे तसंच राहायला हवं. फक्त मी आता सत्तरीच्या माणसांना एप्रिलमध्ये तिथे नेत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. हेलीला स्वतःची गाडीतळाची सोय नाही. रस्त्याच्या कडेला जागा शोधायची, आणि मग शेताकडेच्या वाटेने, जुन्या दाट कुंपणझाडीला लागून चालत रानापर्यंत जायचं. ही वाट सुंदर आहे, पण रस्त्यावरून गाड्या भरधाव जातात आणि बाथरूम कुठेही नाही. वयस्कर माणसं बरोबर असली की या दोन गोष्टी सकाळपासून डोक्यात राहतात.

आता ब्रॅडफील्ड. हे पडतं लांब, तासाभराची गाडी धरा. पण तिथे नीट गाडीतळ आहे, माहिती केंद्र आहे, रंगीत खुणा केलेल्या लहान-मोठ्या वाटा आहेत. चिखल तिथेही आहे, नाही असं सांगणार नाही. मात्र तिथली जमीन एकसारखी नाही. कुठे चिकण, कुठे हलकी रेताड. त्यामुळे एक वाट रुतायला लागली तर दुसरी धरता येते. आम्ही तसंच केलं, आणि आई मान वर करून चालली. माझ्यासाठी तराजू तिथेच कलला.

पण ब्रॅडफील्डला नेण्याचं कारण केवळ पायांची सोय एवढंच असतं, तर मी इतकं लिहिलं नसतं. इथे 1252 पासून झाडं ठरावीक फेऱ्याने तोडली जाताहेत, आणि ते काम आजही चालू आहे. मध्ययुगात हे रान बरी सेंट एडमंड्सच्या मठाचं होतं. हिवाळ्यात रानाचा एक तुकडा निवडायचा, हेझल, ॲश, मेपल जमिनीलगत कापायचे, आणि तो तुकडा पुढची वीसेक वर्षं वाढू द्यायचा. पुढच्या हिवाळ्यात दुसरा तुकडा. याला इथे कॉपिसिंग म्हणतात.

पहिल्यांदा नुकताच कापलेला तुकडा पाहिला तेव्हा आई थबकलीच. "अरे, संरक्षित रान म्हणता आणि झाडं तोडलीत की सगळी!" तिचं बोलणं संपायच्या आत बाबा पुढे जाऊन एका बुंध्याशी वाकले होते. त्यांचं बालपण सांगलीकडच्या उसात गेलेलं. बुंध्याच्या कडेने फुटलेले कोंब त्यांनी बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "अगं, हा खोडवा आहे. कापल्यावर मुळातून पुन्हा येतो तसा." मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. फरक एवढाच की उसाचा खोडवा एक-दोनदा घेऊन शेत मोडतात, आणि इथल्या ॲशचे काही बुंधे हजार वर्षांच्या आसपासचे मानले जातात.

असा जुना बुंधा जवळून पाहा, त्यासाठी वेळ ठेवा. मूळ झाड मध्यभागी केव्हाच कुजून गेलेलं असतं. उरतं ते कडं, काही हात रुंद, शेवाळाने मऊ झालेलं, आणि त्या कड्यावरून सरळ वर गेलेले दहा-बारा सोटे. मधल्या पोकळीत लहान मूल उभं राहतं. बाहेरून बघणाऱ्याला ती वेगवेगळी झाडं वाटतात, पण मूळ एकच. न कापता वाढू दिलेला ॲश साधारण दोनेकशे वर्षांत म्हातारा होतो. कापत राहिल्यानेच हा एवढा जगला.

कापलेल्या जागी उन्ह जमिनीपर्यंत पोचतं, आणि पुढच्या एक-दोन वसंतांत तिथे प्रिमरोझ, व्हायोलेट, ऑक्स्लिप उसळून येतात. हो, ऑक्स्लिप ब्रॅडफील्डलाही आहे. हेलीइतकी दाटी मला दिसली नाही, पण मन भरेल एवढी आहे. मग फुटवे वाढतात, सावली होते, फुलं मागे सरतात, आणि वीस वर्षांनी पुन्हा कुऱ्हाड. आज हे सगळे टप्पे एकाच फेरीत बघायला मिळतात: यंदाचा उघडा तुकडा, तीन वर्षांची गुंतागुंत, दहा वर्षांची दाट अंधारी जाळी. निघालेल्या लाकडाचं जळण होतं, वेलांना आधाराच्या काठ्या होतात, गवती छपरं शाकारायच्या खुंट्या होतात. एके काळी जवळच्या गावातला दाताळी बनवणारा कारखाना इथल्या लाकडावर चालायचा.

हे रान थोडक्यात वाचलंय, हेही आई-बाबांना सांगा. 1960 च्या दशकात याचा मोठा भाग मुळासकट काढून शेत केलं गेलं. लोकांनी विरोध केला आणि उरलेला भाग 1970 मध्ये निसर्ग संरक्षणासाठी घेतला गेला. आता नवं संकट ॲशवर पडणाऱ्या बुरशीचं आहे. 2012 मध्ये ती ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडली, आणि वाळलेले शेंडे तुम्हाला दोन्ही रानांत दिसतील. इतकी शतकं टिकलेले ते बुंधे बघायचे असतील तर पुढच्या वर्षावर ढकलू नका, असं मी मनापासून म्हणेन.

ब्रॅडफील्डच्या उणिवाही सांगायला हव्यात. ताजा कापलेला तुकडा फोटोत उजाड दिसतो. कॅलेंडरवरचा सलग निळा ब्ल्यूबेलचा गालिचा डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. ब्ल्यूबेल आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. आणि तासभर जाणं, तासभर येणं हे लहान मुलांना जड जातं.

हेली कुणी निवडावं? ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याला एकट्याने किंवा दोघांनीच जायचं आहे, आणि ज्याला ऑक्स्लिपची खरी दाटी बघायची आहे. आधी आठ-दहा दिवस कोरडे गेलेले असावेत. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, साधे ट्रेकिंगचे बूट पुरत नाहीत. मीही अजून तिथे जातो, पण आई-बाबा परत गेल्यावर, मे महिन्यात. तेव्हा ऑक्स्लिप ओसरलेली असते आणि वाटा जरा बऱ्या झालेल्या असतात.

घरची मोठी माणसं बरोबर असतील तर मात्र ब्रॅडफील्डच. एप्रिलचा तिसरा आठवडा धरा, म्हणजे ऑक्स्लिप संपलेली नसते आणि ब्ल्यूबेल सुरू झालेली असते. केंद्र कधी उघडं असतं ते ट्रस्टच्या साइटवर आदल्या दिवशी बघून घ्या, बाथरूमची सोय त्यावर असते. आधी सगळ्यात लहान वाट करा, गाडीपाशी परत येऊन तिखटमिठाच्या पुऱ्या आणि थर्मासमधला चहा घ्या, आणि पाय साथ देत असतील तरच दुसरी लांब वाट धरा. पँटचे पाय मोज्यांत खोचा, गवतात गोचिडी असतात. घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे आणि कमरेशी एकदा नीट बघा.