आईची शुगर: तालुक्याचा दवाखाना की आरोग्य केंद्र?

गावाकडे आई-वडिलांना शुगर निघाली की पहिला प्रश्न हाच पडतो, दाखवायचं कुठं? आईसाठी आम्ही दोन्ही करून पाहिलं. आधी चार वर्षं तालुक्याला खाजगी डॉक्टर, आता दोन वर्षं आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र.

खाजगीत डॉक्टर निवांत बोलतात, हे मान्यच करायला हवं. त्यांच्यापुढं बसली की आईला निम्मं बरं वाटायचं. आरोग्य केंद्रात गर्दी फार, आणि मधूनच शुगर तपासायच्या स्ट्रिप संपलेल्या असतात. उपाशीपोटी आलेल्या बाईला 'परवा या' म्हटलं की तिचा रोज बुडतो. आईच्या बाबतीत दोनदा झालंय.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. पण आम्ही पैशासाठी बदल केला नाही.

बदल केला तो गोळीच्या नावापायी. डॉक्टर लिहून द्यायचे ती कंपनी फक्त त्यांच्या दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये मिळायची. ऐन पेरणीत गोळ्या संपल्या, तालुक्याला जायला घरात कुणी रिकामं नव्हतं. गावातल्या मेडिकलनं तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं. आठवड्यानं मी नेहमीची पाकिटं घेऊन आलो. एक गोळी पांढरी, एक गुलाबी. आईला वाटलं, औषधं दोन आहेत. ती दोन्ही घेत राहिली. दोन्हींत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी औषधंच होती, म्हणजे डोस दुप्पट झाला आणि शुगर फार खाली गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी चुलीपुढं बसल्या जागी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं.

आरोग्य केंद्रात गोळी औषधाच्या मूळ नावानंच मिळते. कंपनी तिथंही बदलते, पण देताना सिस्टर पाकिटावर पेनानं खुणा करतात: सकाळच्या गोळीला एक रेघ, रात्रीच्या गोळीला दोन. आईला वाचता येत नाही, रेघा मोजता येतात. तेव्हापासून घोटाळा झालेला नाही.

दुसरी गोष्ट आशाताईंची. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी असल्यानं त्यांच्या वहीत गावातल्या शुगरवाल्यांची नावं असतात. आई एक महिना गेली नाही, तर त्या दारात हजर. खाजगीत तीन महिने खाडा पडला होता, तिथं कुणाला पत्ताही नव्हता. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढं आलं. एवढ्या लोकांचा खाडा कुणी मोडायचा, तर वही घेऊन दारात येणाऱ्या बाईनंच, असं मला तरी वाटतं.

अर्थात प्रत्येकाचं दुखणं वेगळं. इन्सुलिन चालू असेल, पायाची जखम भरत नसेल किंवा नजर अंधूक होत असेल, तर आरोग्य केंद्रावर अडून राहू नका, जिल्हा रुग्णालय किंवा तज्ज्ञ गाठा. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, आम्हीही अजून तालुक्याच्या लॅबमध्येच करतो.

नुसत्या गोळ्यांवर भागत असेल, तर एकदा आरोग्य केंद्रात जाऊन पाहा. निघण्याआधी आशाताईंना फोन करून स्ट्रिप आहेत का विचारा. आणि घरातली जुनी पाकिटं झाडून सगळी सोबत न्या. कुठली बंद करायची ते डॉक्टरांना विचारून, त्या पाकिटांवर तिथल्या तिथं फुली मारून घ्या.