जाम झालेले नौकेचे इंजिन: जागेवरच सोडवावे की बाहेर काढावे?
कोकण किनाऱ्यावर १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि ओढून ठेवलेल्या नौकांपैकी एखादीचे डिझेल इंजिन बंदी उठताना फिरेनासे होते. मात्र निर्णयापूर्वी गिअर न्यूट्रलला असल्याची खात्री करावी, कारण नौकेच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) अडकलेल्या जाळ्यामुळेही इंजिनच जाम झाल्याचा भास होतो.

इंजिन नुसते उभे राहून गंजले असेल, तर ते जागेवर सोडवण्याचा प्रयत्न मला आधी योग्य वाटतो. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल ओतावे, ते पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) यांच्यामध्ये झिरपण्यासाठी काही दिवस द्यावेत आणि मग फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचे जड चाक) हाताने, थोडे पुढे व थोडे मागे असे हलवून पाहावे. येथे घाई फार महागात पडते. इंजेक्टर जागेवर असताना स्टार्टर मारला आणि सिलिंडरमध्ये एक्झॉस्टमधून शिरलेले पाणी असले, तर ते दाबले जात नसल्याने पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन सुटल्यावर ऑइल व फिल्टर बदलून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण) तपासावे.

याउलट, चालू असताना तापून किंवा ऑइल संपून इंजिन अडकले असेल, तर बेअरिंग क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) चिकटलेले असण्याची शक्यता असते आणि तेल ओतून काहीच साधत नाही. अशा वेळी चेन ब्लॉकने (जड वस्तू उचलण्याच्या साखळी-कप्पीने) इंजिन बाहेर काढून ते पूर्ण खोलावे. त्यात खर्च मोठा आणि हंगामाचे दिवसही जातात, परंतु भर समुद्रात खलाशांचा जीव त्याच इंजिनावर अवलंबून असतो.