आईसाठी रॅम्प आणि बाथरूम करून घेतलं, आर्किटेक्ट मॅडमचा अनुभव

आईला पॅरालिसिस झाला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून व्हीलचेअर. आमची बिल्डिंग पार्ल्यातली, जुनी, लिफ्ट आहे पण लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या, म्हणजे असून नसल्यासारखीच. सोसायटीने आधी एका कॉन्ट्रॅक्टरकडून रॅम्प केला होता, दीड फूट उंचीला जेमतेम सहा फूट लांब आणि वर गुळगुळीत लाद्या, पहिल्याच पावसात खुर्ची मागे सरकली, वॉचमनकाकांनी पाठ लावून धरली म्हणून आई वाचली. नंतर ती खाली यायचं नावच काढेना.

मग ओळखीतून या मॅडम मिळाल्या, तीसेक वर्षं हेच काम करतायत. मला वाटलं आल्या आल्या टेप काढतील, तर त्या आईशेजारी बसल्या आणि विचारलं, "काकू, दिवसभरात कुठे कुठे अडतं?" मी उत्तर द्यायला लागलो तर मला हातानेच थांबवलं. आईचं बोलणं अडखळतं, एक वाक्य व्हायला वेळ लागतो, पण त्या अर्धा तास ऐकत होत्या. रात्री बाथरूमला जायला कोणालातरी उठवावं लागतं त्याचा तिला किती त्रास होतो हे मला तेव्हा कळलं, आम्ही घरच्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

रॅम्पचं गणित असं की उतार जास्तीत जास्त 1:12, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. कमिटी म्हणे दोन बाइकची पार्किंग जाईल. मॅडमच्या ऑफिसमधला एक आर्किटेक्ट स्वतः कुबड्या घेऊन चालतो, मीटिंगमध्ये त्यालाच पुढे केलं, सेक्रेटरी सारखे मॅडमकडे बघून प्रश्न विचारायचे आणि त्या दरवेळी "डिझाइन त्याचं आहे, त्याला विचारा". त्याने एल आकाराचं ड्रॉइंग दाखवलं, वळणावर दीड मीटरची सपाट जागा, खडबडीत लाद्या, दोन्ही बाजूंना कठडा. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि आपण फक्त व्हीलचेअर धरून बसतो हेही सांगितलं, म्हणून लिफ्टच्या बटणांवर ब्रेल आणि पायऱ्यांच्या कडेला पिवळे पट्टे आले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना मोतीबिंदू आहे, त्यांना त्या पट्ट्यांचा फार आधार झाला.

बाथरूमचा उंबरठा काढला, दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. मिस्त्रीने पकडायचा दांडा नुसता स्क्रूने टाइलवर ठोकला होता, त्या आर्किटेक्टने कुबड्या भिंतीला टेकवून पूर्ण भार देऊन बघितला, हलला, मग काढून भिंतीत आतपर्यंत अँकर बोल्ट घालून परत बसवायला लावला.

तक्रार म्हणाल तर वेळ. दीड महिना सांगून तीन लागले, फी पण कमी नाही, आणि बाथरूम चालू असताना शेजारच्यांकडे आंघोळीला जायला लागलं. तरी मी पाच स्टार देणार.

परवा आई एकटी खाली गेली, गेटवरच्या भाजीवाल्याकडून मेथीच्या दोन जुड्या घेऊन वर आली, मला संध्याकाळी घरी आल्यावर कळलं.